भिंगातलं कुंकू

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पिंपळगाव रेणुकाई सोडून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं की तिथली शहाणी माणसं विचारायला येतील, हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून, आणि मला वाद घालायची हौस असली तरी ती या गोष्टीवर खर्च करायची नाही. गोष्ट पुष्पाबाईंची आहे. गावाचं काय ते ओघानं येईलच.

पुष्पाबाई त्या गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला आल्या तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. वाटपाच्या सुकडीची आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीची चव लोकांच्या तोंडातून अजून गेली नव्हती. बाई जालन्याच्या. मस्तगडाच्या बाजूला त्यांचं लहानसं घर, वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा बाई सगळं लख्ख आठवण्याच्या वयाच्या होत्या. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, आईनं देव्हारा आवरून ठेवला, आणि वडील म्हणाले की आता या घरात पुस्तकं येतील. तशी ती आली. औरंगाबादला राहून बाईंनी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि ही नोकरी मिळाली.

हेडमास्तर अण्णासाहेब माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. बाईंना भाड्यानं खोली बघायला ते स्वतः गावात हिंडले. पहिल्या घरी खोली रिकामी होती, चहा आला, गप्पा झाल्या, मग आडनाव विचारलं गेलं आणि त्या खोलीत राहायला अचानक कुणाचा तरी भाचा निघाला. दुसऱ्या घरीही भाचाच निघाला. तिसऱ्या घरी चहासुद्धा आला नाही. अण्णासाहेबांना मनापासून वाईट वाटलं, पण त्यांचं वाईट वाटणं नेहमी तिथंच थांबायचं. शेवटी ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत मालनबाईंनी आपल्या घरात जुन्या लुगड्याचा पडदा बांधून अर्धी बाजू बाईंना दिली. मालनबाई रोजानं जाणाऱ्या, नवरा कामाला म्हणून नाशिककडं गेला तो तिकडचाच झालेला. पदरात एकच मुलगी, बेबीनंदा. ती तेव्हा आठवीत होती आणि तिच्या तोंडाला टाळा नव्हता. पडद्याच्या पलीकडून ती बाईंना रोज इतकं विचारायची की मालनबाईच ओरडायच्या, अगं, त्यांना जेवू तरी दे.

नववीच्या पुस्तकात पेशीचा धडा होता. तो लिहिणाऱ्यानं घाईत उरकला होता. बाई मात्र तो आठवडाभर पुरवायच्या. दवाखान्यातून औषधाच्या बाटलीचं बूच आणायच्या, ब्लेडनं त्याचा पातळ पापुद्रा काढायच्या आणि सांगायच्या, तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये रॉबर्ट हूक नावाच्या माणसानं अगदी हेच केलं. चाकूला धार लावली, बुचाचा पापुद्रा काढला आणि भिंगाखाली धरला. वाटलं होतं, लाकडासारखं घट्ट काहीतरी दिसेल. दिसल्या त्या नुसत्या खोल्या. मोहोळासारख्या एकीला एक चिकटलेल्या, बारीक भिंतींच्या, रिकाम्या. त्यांच्याकडं मठात साधू लोक राहायचे, त्यांच्या लहान खोल्यांना सेल असं जे नाव होतं तेच हूकनं यांना देऊन टाकलं.

आता इंग्रजांचा मठ इथल्या पोरांना काय माहीत? पण अजिंठा जवळ होता. बाई विचारायच्या, लेणी कुणी पाहिली आहेत? दोन-चार हात वर व्हायचे. मग त्या फळ्यावर विहार काढायच्या. मधे मोठी जागा, कडेनं भिक्खूंच्या लहान लहान खोल्या, आत निजायला दगडी ओटा. तसल्या खोल्या हूकला दिसल्या, आणि रिकाम्या दिसल्या, कारण बुचातली पेशी मेलेली असते. राहणारा केव्हाच निघून गेलेला, भिंती तेवढ्या उरलेल्या. खोली हा शब्द बाईंच्या तोंडून जरा जपूनच निघायचा. का ते वर्गातल्या निम्म्या पोरांना घरच्यांकडून माहीत होतं.

मग हॉलंडातला कापडवाला लेवेनहुक यायचा. कापडाचे धागे तपासायला भिंग लागतं, ते स्वतः घासता घासता त्याला भिंगाचंच वेड लागलं. स्वतःच्या दातांवरची पांढरी किटणं त्यानं त्याखाली ठेवली तर आत जीव वळवळताना दिसले. लंडनच्या विद्वानांना कळवलं तर त्यांचा विश्वास बसेना. मग चार प्रतिष्ठित माणसांनी त्याच्या घरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठं मानलं. पोरांना हा कापडवाला फार आवडायचा, कारण त्याला दात घासायचा कंटाळा असावा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण बाईंची सगळ्यात लाडकी गोष्ट पुस्तकात नव्हती. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी ती सांगितली होती. दीडशे वर्षांपूर्वी पुष्कळ विद्वान म्हणायला लागले की मांस घ्या, नस घ्या, काहीही घ्या, सगळं बारीक गोल गोळ्यांचं बनलेलं आहे. त्यांनी चित्रं काढली, ग्रंथ लिहिले, एकमेकांची पाठ थोपटली. मग चांगली भिंगं आली आणि त्यातले पुष्कळसे गोळे नाहीसे झाले. ते शरीरात नव्हतेच. भिंगाच्या दोषानं तसं दिसत होतं, आणि एकानं लिहिलं म्हणून दुसऱ्यालाही तेच दिसत होतं.

बेबीनंदा नववीत आली तेव्हा ही गोष्ट ऐकून तिनं विचारलं, मंग आपल्याला कसं कळावं, भिंगाचं कोणतं अन् वस्तूचं कोणतं? बाईंना प्रश्न इतका आवडला की त्या खुर्चीवरून उठल्या. भिंग घडवतानाच बिघडलं असेल तर चांगलं भिंग येईपर्यंत वाट पाहावी लागते, पण भिंगावरची घाण कुणालाही पकडता येते, असं त्यांनी सांगितलं.

“खालची काच सरकवायची. काचेबरोबर हललं तर ते वस्तूचं. जागचं हललं नाही तर ते भिंगाचं. सांगणारा कितीका मोठा असेना.”

त्याच वर्षी शाळेला सूक्ष्मदर्शक मिळाला. त्यासाठी बाईंनी अण्णासाहेबांच्या कानाशी इतकी भुणभुण लावली होती की संस्थेनं अर्ज केला तो केवळ शांतता मिळावी म्हणून. औरंगाबादहून लाकडी पेटीतलं ते यंत्र बाईंनी स्वतः आणलं, एस.टी.त मांडीवर घेऊन. गावातली माणसं त्याला दुर्बीण म्हणायची आणि बाई आधी आधी सुधारायच्या, मग त्यांनी नाद सोडला.

पहिल्या दिवशी कांद्याचा पापुद्रा लावला, त्यावर आयोडीनचा थेंब. पोरं रांगेनं आली. पहिल्या पाच-सहा जणांना आपल्याच पापण्या दिसल्या आणि त्यांनी त्यांचं वर्णनही केलं. बेबीनंदाची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ वाकून राहिली. मागची पोरं कुरकुरायला लागली. मग ती डोळा न काढताच म्हणाली, “बाई, ह्या खोल्यांमधी तर राहणारा हाये.”

तिला केंद्रक दिसलं होतं. प्रत्येक खोलीत एक, पिवळसर, गोल. बाईंनी सांगितलं की हूकनंतर पावणेदोनशे वर्षांनी ब्राऊन नावाच्या वनस्पतीवाल्यानं ते नीट ओळखलं आणि त्याला नाव दिलं, आणि तू आज आपलं आपण पाहिलंस. त्या संध्याकाळी ओढा ओलांडून घरी जाताना बाईंना इतका आनंद झाला होता की त्यांना एकटीलाच हसू येत होतं. या गावात आल्याचं सार्थक झालं असं त्यांना त्या एकाच दिवशी वाटलं.

आनंदात माणूस चुकतं. पुढच्या आठवड्यात बाईंनी आगकाडीच्या टोकानं स्वतःच्या गालाची आतली बाजू खरवडली आणि ते काचेवर पसरून पोरांना दाखवलं. कांद्यातच नाही, आपल्यातही हेच आहे, सगळ्यांच्या गालात हेच आहे, असं त्यांना दाखवायचं होतं. पोरांना दिसलंही. पण दिवेलागणीपर्यंत गावात झालं ते असं की बाई स्वतःचं उष्टं काचेवर लावते आणि आपल्या लेकरांना त्याला डोळे लावायला लावते. दुसऱ्या दिवशी दोघं जण शाळेत आले. त्यातले एक संस्थेच्या कमिटीवरच होते. अण्णासाहेबांनी त्यांना बसवलं, पान दिलं, शांत केलं. मग बाईंना बोलावून म्हणाले, बाई, तुमचं बराबर असंल, पण कांद्यावर भागवा. बाईंनी कांद्यावर भागवलं.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत हत्यारांची पूजा व्हायची. घंटा, तराजू, बाजाची पेटी, सुतारकामाची हत्यारं, पृथ्वीचा गोल, सगळं धुऊनपुसून एका सतरंजीवर मांडायचं. त्या वर्षी मधोमध सूक्ष्मदर्शक ठेवला. पूजेचा मान शिपाई रखमाजींचा. रखमाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, ताटलीत हळदकुंकू घेऊन बसले. त्यांच्यासारखा श्रद्धेचा माणूस गावात दुसरा नसेल. घंटेला बोट टेकवताना ते तिला सुखी राहा म्हणायचे. यंत्रापाशी मात्र ते अडले. याचं कपाळ कोणतं? बाई पुसताना वरची डोळ्याची नळी काढतात हे त्यांनी पाहिलं होतं. तशी ती त्यांनी काढली, खालवर करून पाहिली, ओल्या हळदीचं बोट लावलं आणि वर कोरड्या कुंकवाची चिमूट सोडली. मग खालच्या बारक्या भिंगालाही तसंच.

बाई दाराशी उभ्या होत्या. काचेला नको, एवढे दोनच शब्द त्यांच्या ओठावर आले होते. शेजारी अण्णासाहेब हात जोडून उभे होते. त्यांच्या पलीकडं उष्ट्याची तक्रार घेऊन आलेले कमिटीवाले. रखमाजींनी मान वर करून बाईंकडं पाहिलं. “ह्याचा डोळा तेच ह्याचं कपाळ. न्हाई का, बाई?”

सगळ्यांनीच बाईंकडं पाहिलं. दुसऱ्या कुणी ते दोन शब्द म्हटले असते तर ते काचेविषयीचे ठरले असते. बाईंनी म्हटले असते तर ते कुंकवाविषयीचे ठरले असते, आणि कुंकवावरून देवाविषयीचे. उष्ट्याला महिनाही झाला नव्हता. बाई म्हणाल्या, “हं.”

वरून नारळाचं पाणी शिंपडलं गेलं आणि यंत्र कपाटात गेलं. किल्ली अण्णासाहेबांच्या जानव्याला नसली तरी तितकीच जवळ असायची. बाईंनी दोनदा मागितली. पूजेचं कुंकू लगेच पुसत नसतात, दिवाळी होऊ द्या, असं उत्तर आलं. दिवाळीची सुटी संपून कपाट उघडलं तेव्हा बाईंनी कांदा लावून डोळा टेकवला. सगळीकडं पिवळं धुकं. खोल्यांच्या भिंती कशाबशा ओळखू येत होत्या. राहणारे सगळे त्या धुक्यात बुडाले होते. आणि मधोमध एकच काळपट तांबडा ठिपका, ठसठशीत.

त्यांनी वरची काच पुसली, खालची पुसली. धुकं थोडं कमी झालं. ठिपका आत होता, नळीतल्या दोन भिंगांच्या मधे. नळीला पितळी कडं होतं आणि नारळाच्या पाण्याबरोबर आत झिरपलेलं कुंकू त्याच्या आट्यांतही वाळून बसलं होतं. बाईंनी बोटांच्या चिमटीत कडं धरलं आणि सोडून दिलं. चुकून काही तुटलं तर लोक काय म्हणतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. बाईंनी दुर्बीण मोडली. तेही पूजेची. औरंगाबादला दुरुस्तीला पाठवू या, असं त्यांनी अण्णासाहेबांना सुचवलं. अण्णासाहेब म्हणाले, तपासणी होऊ द्या, आत्ता यंत्र बिघडलं म्हणून बोंब झाली तर दहावी गेलीच समजा.

ही दहावी म्हणजे काय ते सांगायला हवं. शाळा नववीपर्यंतच होती. नव्या पद्धतीत मॅट्रिक दहावीला आली होती आणि संस्थेनं दहावीचा वर्ग मागितला होता. तपासणीला वरून साहेब येणार, शाळा बघणार, विज्ञानाचं सामान बघणार, मग मान्यता. गावातली पाटलांची पोरं मान्यता नसती तरी भोकरदनला राहून शिकली असती. बेबीनंदाचं तसं नव्हतं. मालनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गावात शाळा हाये तवर शिकू द्या, भोकरदनला एकटी न्हाई धाडायची. जाफराबादकडचं एक स्थळही कुणीतरी कानावर घालून गेलं होतं. म्हणजे दहावी आली तर बेबीनंदा शिकणार, नाही आली तर उन्हाळ्यात तिच्या अंगाला हळद. बाईंच्या डोक्यात जागेपणी दुसरं काही नव्हतं.

साहेबांसमोर प्रयोग करून दाखवायला अण्णासाहेबांनी बेबीनंदालाच निवडलं. ती बोलायला चांगली होती हे खरं. वस्तीतली मुलगी पुढं केली की वरच्या लोकांवर छाप बरी पडते, हेही त्यांच्या हिशोबात होतं. एरवी त्या मुलीला शाळेच्या माठातलं पाणी वरून ओतून मिळायचं, ते त्यांना तेव्हा आठवलं नाही.

आदल्या दिवशी सराव झाला. बेबीनंदानं हूक सांगितला, लेवेनहुक सांगितला, ब्राऊन सांगितला. झाडाचं सगळं पेशींचं असतं हे एकानं ताडलं, प्राण्याचंही तसंच असतं हे दुसऱ्यानं, आणि पेशी पेशीपासूनच जन्मते हे मग तिसऱ्यानं ठासून मांडलं, इथपर्यंत ती न अडखळता आली. मग यंत्राला डोळा लावला. थोडा वेळ काच इकडंतिकडं सरकवत राहिली आणि हळूच म्हणाली, बाई, मी काच सरकवून राह्यले, पर त्यो ठिपका जागचा हालंना. भिंगाचा हाये त्यो. बाई म्हणाल्या, असू दे, तू भिंती दाखव, ठिपक्याचं कोण विचारतंय.

विचारलं. साहेब भले गृहस्थ होते, इतिहास-भूगोलातून वर आलेले. सगळी गोष्ट त्यांनी कौतुकानं ऐकली, चष्मा कपाळावर सारून यंत्राला डोळा लावला आणि म्हणाले, वा, स्पष्ट आहे की. हा मधला लाल ठिपका कसला?

“केंद्रक, साहेब,” अण्णासाहेब म्हणाले.

ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. पेशीच्या मधे केंद्रक असतं हे त्यांनी आत्ताच ऐकलं होतं, मधे ठिपका होता, त्यांच्या लेखी विषय मिटला. पण साहेबांना मुलीची गंमत वाटत होती. ते तिच्याकडं वळून म्हणाले, “तू सांग. काय आहे ते?”

बेबीनंदानं पुष्पाबाईंकडं पाहिलं.

तो क्षण बाईंनी पुढं कितीतरी वेळा मनात उलटापालटा करून पाहिला. हेडमास्तरांना साहेबांदेखत खोटं पाडायचं, तेही वस्तीतल्या मुलीनं. मग ते काय आहे, असा पुढचा प्रश्न. त्यावर कुंकू हे उत्तर. कमिटीवाले मागं खुर्चीवर बसलेले. दहावी, मालनबाई, जाफराबादचं स्थळ. बाईंना खरंच वाटलं की आपण त्या मुलीला वाचवतोय. भीतीही वाटत होती, स्वतःसाठी. दोन्हीतलं कोणतं जास्त होतं हे त्यांना तेव्हा उमगलं नाही. त्यांनी मान हलवली, होय म्हणून.

“केंद्रक,” बेबीनंदा म्हणाली. आवाज अगदी स्पष्ट होता. साहेबांनी तिची पाठ थोपटली.

उन्हाळ्यात मान्यता आली. मालनबाईंनी वस्तीत साखर वाटली. जाफराबादचं स्थळ दुसरीकडं गेलं आणि जूनमध्ये बेबीनंदा दहावीच्या पहिल्या बाकावर बसली. बाईंना जे हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त पडद्यापलीकडून प्रश्न यायचे थांबले. बेबीनंदा आता पाठ करायची. जे पुस्तकात असेल ते, जे बाई सांगतील ते, घडाघडा. मार्क पूर्वीपेक्षा चांगलेच पडायला लागले. मालनबाई खूश होत्या, पोरगी शहाणी झाली म्हणायच्या. बाई पडद्याच्या अलीकडं बसून ते ऐकायच्या आणि त्यांचा जीव तळमळायचा. एक-दोनदा त्या विषय काढायला गेल्या, आणि जेवलीस का, एवढंच विचारून परत फिरल्या.

पावसाळा सरताना नववीला पुन्हा पेशीचा धडा आला. यंत्र औरंगाबादला गेलंच नव्हतं. मान्यता मिळाल्यावर त्याची कुणाला पडली होती? बाईंनी हूक सांगितला, कापडवाला सांगितला. गोळ्यांची गोष्ट त्या वर्षी त्यांनी सांगितली नाही. रांग सांभाळायला त्यांनी दहावीतून बेबीनंदाला बोलावून घेतलं. नववीतली उषा नावाची मुलगी बराच वेळ वाकून होती. ती म्हणाली, मला तर बाई नुसता तांबडा ठिपका दिसतो.

बाईंनी तोंड उघडायच्या आत बेबीनंदा म्हणाली, “तेच केंद्रक. चित्रात मधी काढ, अन् पुढं नाव लिही.”

“मंग काच सरकवली तरी हालंना कसा?”

“सरकवायची न्हाई,” बेबीनंदा म्हणाली. “साहेबानं पाह्यलेलं हाये ते.”

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. थोरल्या बहिणीनं धाकटीला वाटेवरचा खड्डा दाखवावा तसं, मायेनं म्हटलं होतं. आपण या मुलीला वर्षभरात काय शिकवलं ते बाईंना एका वाक्यात ऐकू आलं. वर्गात पोरांची कुजबुज चालू होती, उषा पेन्सिलीनं ठिपका काढायला लागली होती.

बाई पुढं झाल्या. त्यांनी उषाच्या हातातली पेन्सिल बाजूला ठेवली, यंत्राची नळी काढली आणि पितळी कडं चिमटीत धरून फिरवलं. वाळलेलं कुंकू कचकन् तुटलं आणि कडं सरळ फिरत गेलं. बरणीचं झाकण निघावं तसं निघालं. इतकं सोपं होतं ते. बाईंनी ते आजवर फिरवून पाहिलंच नव्हतं. आतल्या भिंगावर तांबडी खपली होती. पांढऱ्या पातळाच्या पदरानं त्यांनी ती पुसली आणि पदर पोरांसमोर धरला.

“हे कुंकू आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या दसऱ्याला आत पडलं. साहेबांनी पाहिलं तेही हेच. केंद्रक नव्हतं.”

व्हरांड्यातून जाणारे अण्णासाहेब दारात थांबले होते. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून बाईंना कळलं की याचा जाब द्यावा लागणार. तो पुढं द्यावाही लागला, आणि त्या स्वस्तात सुटल्या नाहीत. पण त्या घडीला त्या अण्णासाहेबांकडं पाहत नव्हत्या. बेबीनंदा पदरावरच्या डागाकडं बघत उभी होती. तिनं किती महिन्यांनी प्रश्न विचारला.

“मंग तवाच का न्हाई सांगितलं, बाई?”

सांगायला कारणं पुष्कळ होती. दहावी होती, मालनबाई होत्या, स्थळ होतं. सगळी खरी होती. बाई म्हणाल्या, “भ्याले.”

मास्तर भितात हे पोरांना माहीत असतं, पण त्यांनी ते असं मोठ्यानं कधी ऐकलेलं नसतं.

“मीबी भ्याले होते,” बेबीनंदा म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडं पाह्यलं.”

पुष्पाबाईंनी कडं बसवलं, नळी जागेवर घातली, कांद्याचा नवा पापुद्रा काचेवर लावला आणि बाजूला झाल्या. मग बेबीनंदा आली, वाकली, डोळा टेकवला, आणि एका बोटानं काच थोडी डावीकडं सरकवली. पुन्हा थोडी उजवीकडं.

“हालतंय,” ती म्हणाली, आणि उषाला जागा करून दिली.